बावीस एमएम

आमच्या तासगाव भागात द्राक्षवाल्याला मिलिमीटर शिकवावे लागत नाहीत. मण्यावर रिंग लावून बघायची. अठरा एमएमच्या वर गेला तर माल एक्स्पोर्टला, सोळात अडकला तर लोकल, नाहीतर बेदाणा. त्यामुळे २०२१ च्या दिवाळीनंतर मिरजेत सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पडद्यावर दोन फुल्या मारल्या, मधे ठिपक्यांची रेघ ओढली आणि टाइप करणाऱ्या मुलीला "बावीस एमएम" असं सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा थॉम्पसनचा मणी आला. एक नंबरचा.

लिव्हरमधली ही कॅन्सरची गाठ आभाळातून पडली नव्हती. २००९ साली गावात शिवजयंतीचं रक्तदान शिबिर झालं. मी दरवर्षी रक्त देणारा. त्या वर्षी रक्तपेढीतून पत्र आलं, भेटून जा म्हणून. एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे कावीळ ब. एका डॉक्टरांना कागद दाखवला. ते म्हणाले, "तुम्ही नुसते कॅरिअर आहात. काही होत नाही, फक्त रक्त देऊ नका." मी तेवढं ऐकलं. दहा वर्षं रक्त दिलं नाही आणि बाकीही काहीच केलं नाही. त्या डॉक्टरांवर राग आहे का असं कुणी विचारलं तर आहे. पण पत्र तर माझ्याच कपाटात होतं.

२०१९ ला हर्नियाचं ऑपरेशन करायचं म्हणून रक्त तपासलं, तर प्लेटलेट एक लाख अठ्ठावीस हजार. खाली मर्यादा दीड लाखाची. तिथून गाडी लिव्हरच्या डॉक्टरांकडं वळली. फायब्रोस्कॅन नावाचं यंत्र बरगड्यांवर टिचक्या मारल्यासारखं करतं आणि लिव्हर किती कडक झालंय ते सांगतं. माझं सिरोसिसच्या घरात गेलेलं. मी माळकरी माणूस. पण लिव्हर म्हटलं की लोक माळेकडं बघत नाहीत, हाताकडं बघतात, थरथरतोय का म्हणून. बँकेतल्या एकानं तर मला बाजूला घेऊन "आता तरी सोडा" असं सांगितलं. काय सोडू? चहा?

डॉक्टरांनी आईबद्दल विचारलं. आई १९९४ ला जलोदरानं गेली. पोट फुगलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते नशिबावर टाकलं होतं. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. बायको निगेटिव्ह, मुलगी निगेटिव्ह, दोघींना लस दिली. धाकटा भाऊ पॉझिटिव्ह. बाळंतपणात आईकडून मुलांना, हा या विषाणूचा नेहमीचा रस्ता. गावात मात्र अजून म्हणतात की फवारणीनं झालं. मीही डॉक्टरांना तेच विचारलं होतं. ते म्हणाले, "काका, मास्क लावून फवारा हे खरंच. पण तुमचं कारण रक्तात सापडलंय, ते सोडून बाहेर कशाला शोधायचं?"

विषाणू दाबणाऱ्या टेनोफोविरची रोज एक गोळी सुरू झाली. जुलै २०१८ पासून सरकारचा कावीळ नियंत्रण कार्यक्रम आहे, त्यातून ती फुकट मिळते. आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि लिव्हरच्या गाठीची चाहूल देणारी एएफपी नावाची रक्ततपासणी. या दुसऱ्या गोष्टीचा मला वैताग होता. दर वेळी रिपोर्टमध्ये काही नाही, आणि काही नाही याचेच पैसे. २०२० ची एक तपासणी लॉकडाऊनमध्ये गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत केली, तेव्हा लिव्हर स्वच्छ होतं. ऑगस्टची कृष्णेच्या महापुरानंतरच्या धावपळीत राहिली. नोव्हेंबरात गेलो तो बावीस एमएम. सहा महिनेच का, हे मला तेव्हा समजलं. अशी गाठ साधारण चार-सहा महिन्यांत आकारमानानं दुप्पट होऊ शकते. वर्षभर थांबलं तर मण्याचं लिंबू होतं.

पुढं ट्रायफेसिक सीटी. शिरेतून औषध सोडतात आणि तीन वेळा फोटो घेतात. निरोगी लिव्हरला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं, कॅन्सरची गाठ मात्र धमनीचं रक्त ओढते. म्हणून पहिल्या फोटोत ती चमकते आणि नंतरच्या फोटोत, बाकी लिव्हर उजळतं तेव्हा, काळी पडते. माझी गाठ अगदी पुस्तकातल्यासारखी चमकून काळी पडली. तुकडा काढून तपासायचा नाही का, असं मी विचारलं. सिरोसिसवाल्याचं चित्र इतकं स्पष्ट असेल तर सुई घालत नाहीत, म्हणाले. सुईच्या वाटेनं पेशी बाहेर सांडायची थोडी भीती असते.

मुलगी पुण्यात असते. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात सर्जनना दाखवलं. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. दोनच दिवसांआधी अवकाळीनं बाग झोडपली होती, फुलोऱ्यातले घड कुजत होते, आणि मी एसीत बसून स्वतःचं लिव्हर कॉम्प्युटरवर फिरताना बघत होतो. सर्जन चाळिशीच्या बाई. मी म्हणालो, "गाठ लहान आहे म्हणजे काळजी नाही ना, मॅडम?" सगळ्यांनी मला तोवर हेच सांगितलं होतं. लहान आहे, वेळेत सापडली, काढली की संपलं.

त्या म्हणाल्या, "लहान आहे हे चांगलंच. पण काका, गाठीकडं मी नंतर बघते. आधी उरणाऱ्या लिव्हरकडं बघते."

मला जे सांगायचंय ते इथून पुढं आहे. आपण सगळे गाठीचा आकार विचारतो. सर्जन विचारतात की गाठ काढल्यावर जे मागं राहील ते हा माणूस पेलेल का. माझे आकडे त्यांनी एका कागदावर लिहिले. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ०.९, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन) ३.८, आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा, कमी तेवढा बरा) १.१, पोटात पाणी नाही, डोकं ताळ्यावर. प्रत्येकाला एक गुण, एकूण पाच. याला चाइल्ड-प्यू म्हणतात. पाच-सहा गुण म्हणजे ए, सातपासून नऊपर्यंत बी, त्यापुढं सी. यात गुण कमी तेवढं चांगलं. आमच्या शाळेत असं असतं तर मी पहिला आलो असतो.

पण प्लेटलेटवर त्यांनी गोल केला. लिव्हर कडक झालं की पोर्टल शिरेतलं रक्त तुंबतं, धरणामागं पाणी फुगतं तसा प्लीहा फुगतो आणि प्लेटलेट खातो. एक लाखाच्या खाली आकडा, सुजलेला प्लीहा आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असल्या, तर गाठ मण्याएवढी असली तरी कापणं अंगाशी येतं. ऑपरेशन टेबलावर पार पडतं आणि माणूस नंतर लिव्हर थकून जातो. म्हणून दुर्बिणीनं अन्ननलिका बघितली. शिरा फुगलेल्या नव्हत्या. प्लीहा जरा मोठा होता. मी काठावर होतो, पण अलीकडच्या काठावर.

दुसरा रस्ताही होता. कातडीतून सुई घालून मायक्रोवेव्हनं गाठ जाळायची. दोन सेंटीमीटरच्या आतल्या गाठीला त्याचा निकाल ऑपरेशनच्या जवळपास येतो आणि लिव्हरचं नुकसान कमी होतं. माझी गाठ सहाव्या खंडात, खालच्या कडेला, मोठ्या आतड्याला चिकटून. लिव्हरचे आठ खंड पाडतात, त्यातला हा उजवीकडचा खालचा. तिथं जाळलं तर आतडं भाजायची भीती. म्हणून कापायचं ठरलं.

किती कापणार, हा माझा प्रश्न शेतकऱ्याचाच होता. रोगट काडी छाटताना आपण तपकिरी रेघ संपून हिरवं लाकूड लागेपर्यंत खाली येतो. पण फार खाली आलो तर ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, फुटायला डोळाच राहत नाही. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "हेच. गाठीभोवती एक सेंटीमीटर निरोगी कड मिळाली तर मला समाधान. पण सिरोसिस असेल तर निदान चाळीस टक्के लिव्हर मागं ठेवायलाच हवं. निरोगी माणसाचं पंचवीस-तीसवर भागतं. तुमचं बरंच राहील." मग त्यांनी मला काढे बंद करायला लावले. करोनात मी दोन वर्षं गुळवेलीचा काढा रोज पीत होतो, लिव्हरला चांगला म्हणून. गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी मांडलं होतं, हे मला काय ठाऊक.

पैशाचं थोडक्यात सांगतो. शीतगृहात ठेवलेला बेदाणा भावानं पडत्या दरात सौद्याला काढला. बाकीचं मुलीनं बघितलं.

जानेवारी २०२२ म्हणजे ओमायक्रॉनची लाट. आरटीपीसीआर निगेटिव्ह आल्याशिवाय आत घेत नव्हते. आमच्या वॉर्डमधल्या दोघांची तारीख त्यापायी पुढं गेली. मला दहा दिवस आधीपासून तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. दोन सहज उचलायच्या, तिसरी म्हणजे दिल्ली. रोज चालायचं, प्रथिनं खायची. माळकऱ्याला प्रथिनं कुठली? मूग, पनीर, ताक. डायटिशियन मुलीनं अंड्याचं नाव काढलं तेव्हा माझी बायको म्हणाली, "अहो, त्यांना विचारू नका, मला विचारा." अंडं मात्र आलं नाही.

ऑपरेशनला साडेचार तास लागले. हे सगळं नंतर ऐकलेलं. पोट उघडल्यावर आधी लिव्हरवरच सोनोग्राफीची काडी ठेवून बघतात, सीटीला न दिसलेली दुसरी गाठ कुठं आहे का. नव्हती. मग लिव्हरकडं येणारं रक्त पंधरा मिनिटं दाबून धरायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा दाबायचं. वरून पाणी बंद करून खाली पाइप जोडावी तसं. रक्त चढवावं लागलं नाही, हे भूलतज्ज्ञांनी मुलीला मुद्दाम सांगितलं. तिला वाटलं पैसे वाचले म्हणून सांगतात. रक्तस्राव कमी आणि बाहेरचं रक्त नाही, यानं पुढचा निकाल बरा लागतो असं पुष्कळदा दिसलंय.

दुसऱ्या दिवशी माझे डोळे पिवळे. बिलिरुबिन २.६, आयएनआर १.५. राऊंडला येणारा रेसिडेंट मुलगा रोज आकडा बघायचा आणि म्हणायचा, "पाचव्या दिवशी बघू, काका." बायकोनं विचारलं पाचव्याच दिवशी का. लिव्हर कापल्यावर पहिले दोन-तीन दिवस आकडे सगळ्यांचेच वाढतात. पाचव्या दिवशीही बिलिरुबिन तीनच्या पुढं आणि रक्त गोठण्याची ताकद निम्म्याच्या खाली असेल, तर लिव्हर हार मानतंय असं धरतात. आमच्याकडं मूल जन्मलं की पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. बायकोनं चौथ्या रात्री माझ्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवलं. नर्स म्हणाली, हे काय? बायको म्हणाली, असू दे. सकाळी बिलिरुबिन १.८. पोटात घातलेल्या नळीतून येणारं पाणी मात्र आठवडाभर हटलं नाही, त्यासाठी मीठ तोडलं. दहाव्या दिवशी घरी.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं की गाठ पूर्ण काढली. आम्ही पेढे वाटले. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट चार दिवसांनी मुलीच्या मोबाइलवर आला. तिनं मला लगेच सांगितलं नाही, हे मला तिच्या स्वयंपाकावरून कळलं. दोनदा मीठ विसरली. म्हणजे मला तोडलेलं होतंच, पण स्वतःच्याही भाजीत विसरली.

गाठ २.३ सेंटीमीटर. कड ११ एमएम, स्वच्छ. आसपास पिल्लं, म्हणजे बारक्या गाठी, नाहीत. पेशी मध्यम दर्जाच्या, म्हणजे फार साध्या नव्हेत, फार माजलेल्याही नव्हेत. आणि मग एक ओळ: सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव, आढळला. ही गोष्ट सीटीत दिसत नाही. गाठ बाहेर काढून, तिचे पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच दिसते. म्हणजे ज्या गोष्टीवर पुढचं एवढं अवलंबून, ती ऑपरेशनच्या आधी खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. गाठ मोठी तसा हा शिरकाव जास्त सापडतो, पण लहान गाठीत नसतोच असं नाही. द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचं जसं. पानावर तेलाचा डाग दिसतो तेव्हा बुरशी आत शिरून चार-सहा दिवस होऊन गेलेले असतात.

रिपोर्ट घेऊन मॅडमकडं गेलो. मी सरळ विचारलं, किती वर्षं?

त्यांनी दोन आकडे सांगितले आणि ते मला रात्रभर जुळले नाहीत. माझ्यासारख्या निवडून ऑपरेशन केलेल्या शंभरातले साठ-सत्तर पाच वर्षांनी जिवंत असतात. आणि त्याच पाच वर्षांत शंभरातल्या साठ-सत्तर जणांना गाठ पुन्हा येते. सत्तर जणांना पुन्हा येते, तर सत्तर जगतात कसे? सकाळी मुलीच्या गॅलरीत उभं राहून उलगडलं. पुन्हा येणं म्हणजे मरणं नव्हे. लहान असतानाच पकडली आणि लिव्हर अजून दमदार असलं, तर पुन्हा कापता येते, जाळता येते, नाहीतर लिव्हरच बदलता येतं. लिव्हर खचलेलं असेल तर बारा एमएमची गाठही हाताबाहेर जाते, कारण हात लावायला जागा राहत नाही. दोन आकडे जुळतात ते सगळे तपासणीच्या आणि लिव्हरच्या दमावर.

दुसरं त्यांनी सांगितलं ते मी फवारणीच्या वहीत लिहून ठेवलंय. गाठ परत येते ती दोन हंगामांत. पहिल्या दोन वर्षांत आली तर बहुधा जुन्याच गाठीची सांडलेली पेशी. शिरकाव, पिल्लं, कड, पेशींचा माज, हे सगळं त्या दोन वर्षांचं भविष्य. दोन वर्षांनंतर आली तर बहुधा नवीन, कारण जमीन तीच आहे. तिथं विषाणू, सिरोसिस, दारू, साखर, चरबी यांचा हिशेब चालतो. त्यातलं माझ्या हातात एक होतं, टेनोफोविर. विषाणू दाबून ठेवला तर गाठ परत यायचं प्रमाण घटतं आणि लिव्हरही सावरतं. परत येऊ नये म्हणून वेगळं औषध आहे का, असं विचारलं. तेव्हा खात्रीचं काही नव्हतं. पुढं एका इंजेक्शनाच्या जोडीची बरीच चर्चा झाली, सुरुवातीला फायदा दिसला आणि पुढच्या वर्षांत तो टिकला नाही, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी पुणे. एएफपी ऑपरेशनआधी ३४ होतं, ते ४ वर आलं आणि तिथंच बसलं. दर वेळी आदल्या रात्री मी जेवत नव्हतो आणि बायको बोलत नव्हती. लिव्हरला कॉफी चांगली असं अभ्यासांत दिसलंय म्हणून डॉक्टरांनी बिनसाखरेची कॉफी घ्यायला सांगितली. मला ती अजून औषधासारखीच लागते.

जानेवारी २०२४ ला दोन वर्षं झाली. शिरकाववाला माणूस पहिल्या हंगामातून सुटला. मी गणपतीपुढं नारळ फोडला.

ऑगस्टमध्ये एमआरआयमध्ये आठव्या खंडात १४ एमएम.

या वेळी मी रडलो नाही, पण मुलगी कोसळली. "बाबा, माझं लिव्हर तपासा ना, बदलूनच टाकू." मिलानच्या डॉक्टरांनी १९९६ साली घालून दिलेली मोजपट्टी आहे. एकच गाठ पाच सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येक तीन सेंटीमीटरच्या आत. त्यात बसणाऱ्याला लिव्हर बदलून चांगलं आयुष्य मिळतं, कारण गाठीबरोबर जमीनही बदलते. मी त्यात बसत होतो. पण माझे गुण अजून पाचच होते, म्हणजे लिव्हर दमदार होतं. मॅडम म्हणाल्या, आता जाळू, बदलण्याचा रस्ता मागं शिल्लक ठेवू. मुलीचं लिव्हर मी घेतलंही नसतं, पण हे तिला बोललो नाही. जाळायला पाऊण तास लागला. एक रात्र रुग्णालयात, तिसऱ्या दिवशी मी बागेत.

जुन्या जागेपासून लांब, अडीच वर्षांनंतर. नवीनच असणार, असं सगळे म्हणाले.

येत्या जानेवारीत ऑपरेशनला चार वर्षं होतील. वही तीच आहे. डाव्या पानावर औषध, प्रमाण, काढणीपूर्व दिवस. उजव्या पानावर तारीख, एएफपी, अल्ब्युमिन, प्लेटलेट. यंदा, २०२५ ला, मे महिन्यातच पाऊस बसला, ऊन नाही म्हणून काडीत घडच धरले नाहीत, डावी पानं बघवत नाहीत. उजवी बरी आहेत.

धाकट्या भावाचं मात्र अजून जमत नाही. त्याचं लिव्हर मऊ आहे, विषाणूही कमी. पण आमची आई, मी, आणि त्याचं वय पंचेचाळीसच्या पुढं, म्हणून सोनोग्राफी त्यालाही सहा महिन्यांनी सांगितलीय. तो म्हणतो, "दादा, मला काही होतंय का?" मलाही काही होत नव्हतं. बावीस एमएमला काहीही होत नाही, दुखत नाही, भूक मोडत नाही, मी त्या सकाळी दोन भाकरी खाऊन मिरजेला गेलो होतो. गेल्या मंगळवारी छाटणीवाल्या बायकांची हजेरी घेऊन झाल्यावर त्याला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि नेलं. वाटेत तो कटरच्या धारेबद्दल बोलत होता. डॉक्टरांनी जेली लावली, काडी फिरवली, बराच वेळ फिरवली. मी पडद्याकडं बघत उभा होतो, फुल्या पडतात का ते बघत. पडल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "झाले ना पैसे वाया?"

मी पावती वहीत ठेवली. एप्रिलात, खरड छाटणीच्या आधी, पुन्हा न्यायचंय त्याला.